एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा

एंडोकॅनाबिनॉइड यंत्रणा : चेतापेशींमधील संदेशांचा जोर जागच्या जागी कमी करणारी, पेशीपटलातील मेदद्रव्यांपासून ऐन वेळी तयार होणाऱ्या रेणूंवर चालणारी शरीरांतर्गत नियंत्रणव्यवस्था. सीबी१ व सीबी२ हे दोन ग्राही (ठरावीक रेणू पकडणारी पेशीवरील प्रथिने), त्यांना जुळणारे आनंदामाइड व २-अ‍ॅराकिडोनिल ग्लिसरॉल (२-एजी) हे शरीरातच घडणारे रेणू आणि हे रेणू घडविणारी व मोडणारी विकरे (एन्झाइमे) मिळून ही यंत्रणा होते. वेदना, भूक, स्मरण, भीती, हालचाल आणि दाह यांच्या नियमनात तिचा वाटा आहे. भांगेच्या झाडातील टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल (टीएचसी) हे द्रव्य याच ग्राहींवर बसते व त्यातून नशा येते.

यंत्रणेला झाडाचे नाव मिळाले ते शोधांच्या क्रमामुळे. झाडातील द्रव्य आधी हाती आले, त्याचा ग्राही नंतर आणि शरीराचा स्वतःचा रेणू त्याहून नंतर. म्हणून ही यंत्रणा जणू भांगेसाठीच घडली असा समज पसरतो, तो चुकीचा आहे. सीबी१ हा ग्राही सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत आढळतो, त्याच्या नात्यातले जनुक सायोना या समुद्री प्राण्यातही आहे, कीटकांत मात्र ते नाही. यावरून यंत्रणेचा उगम पृष्ठवंशीयांच्या उदयाच्या आसपासचा किंवा त्याआधीचा मानला जातो. भांगेचे झाड त्यामानाने फारच अलीकडचे आहे.

शोधाचा इतिहास : रासायनिक अभ्यासाची सुरुवात हिंदुस्थानातून गेलेल्या चरसापासून झाली. केंब्रिजमधील वुड, स्पिव्ही व ईस्टरफील्ड यांनी १८९६ च्या सुमारास त्याच्या राळेचे पृथक्करण केले. त्यातून मिळालेले कॅनाबिनॉल हेच नशेचे मूळ, असे बराच काळ समजले गेले. ते टीएचसी जुने होऊन, हवेशी संयोग पावून बनते, हे पुढे उलगडले. अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी १९४० मध्ये कॅनाबिडिऑल (सीबीडी) वेगळे केले. इस्रायलमधील रेहोव्होत येथे रफाएल मेशुलम यांनी पोलिसांकडून जप्तीचा पाच किलो लेबानी हशीश मागून घेतला आणि तो पिशवीत घालून बसने प्रयोगशाळेत आणला. याच कामातून १९६३ मध्ये सीबीडीची रचना निश्चित झाली आणि १९६४ मध्ये मेशुलम व येहिएल गाओनी यांनी टीएचसी शुद्ध रूपात मिळवून त्याची रचना मांडली.

हे द्रव्य काम कसे करते, यावर पुढची वीसएक वर्षे वाद राहिला. टीएचसी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, मेदात मात्र सहज मिसळते. त्यामुळे ते भूल देणाऱ्या वायूंप्रमाणे पेशीपटलात शिरून त्याचा घट्टपणा बिघडवीत असावे, असे एका पक्षाचे म्हणणे होते. दुसऱ्या पक्षाने बोट ठेवले ते रेणूच्या आरशातील प्रतिमेवर. मेदात ती तितकीच मिसळते, पण तिच्याने नशा जवळपास येत नाही. कुलपाशिवाय किल्लीच्या आकाराला महत्त्व कसे येईल, हा त्यांचा युक्तिवाद अधिक सबळ होता, आणि १९८८ मध्ये सेंट लुइस येथे ॲलिन हाउलेट व विल्यम डिव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत ग्राही दाखवून दिल्यावर वाद मिटला. लिसा मात्सुदा यांच्या गटाने १९९० मध्ये सीबी१ चे जनुक ओळखले. त्या जनुकावरून बनणारे प्रथिन माणसात ४७२ ॲमिनो अम्लांचे असते. प्रामुख्याने प्रतिकारपेशींवर आढळणारा सीबी२ हा ग्राही १९९३ मध्ये केंब्रिज येथे शॉन मन्रो यांनी वर्णिला.

ग्राही आहे म्हणजे शरीराचा स्वतःचा रेणूही असला पाहिजे, या तर्काने डिव्हेन, लुमीर हानुश व मेशुलम यांनी डुकराच्या मेंदूतून १९९२ मध्ये एक रेणू वेगळा केला. संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दाला रासायनिक ‘अमाइड’ जोडून त्याचे नाव पडले. मराठी लेखनात रोमन लिपीवरून उतरवलेली ‘अनँडामाइड’ अशी रूपे दिसतात. मूळ शब्द आपलाच असल्याने येथे ‘आनंदामाइड’ हे रूप वापरले आहे. १९९५ मध्ये मेशुलम यांच्या गटाला कुत्र्याच्या आतड्यातून आणि जपानमध्ये ताकायुकी सुगिउरा यांच्या गटाला उंदराच्या मेंदूतून २-एजी मिळाले.

कार्यपद्धती : चेतासंधीत, म्हणजे दोन चेतापेशींच्या जोडावर, संदेश एरवी पहिल्या पेशीकडून दुसरीकडे जातो, येथे मात्र तो उलटा येतो. दुसरी पेशी जोरात उत्तेजित होऊन तिच्यात कॅल्शियम वाढले की डायअसिलग्लिसरॉल लायपेज हे विकर पटलातील मेदापासून २-एजी तोडून देते. तो रेणू मधली फट ओलांडून पहिल्या पेशीच्या टोकावरील सीबी१ ला चिकटतो. त्यामुळे ग्राहीला जोडलेले जी-प्रथिन जागे होते, त्या टोकातील कॅल्शियमची द्वारे मिटतात आणि तेथून बाहेर पडणारा रासायनिक दूत थोपवला जातो. काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात परिणाम ओसरतो, कारण मोनोअसिलग्लिसरॉल लायपेज हे दुसरे विकर २-एजीचा फडशा पाडते. ही उलटी वाट २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को, हार्वर्ड आणि कानाझावा येथील तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी सिद्ध केली. थोपवला जाणारा दूत पेशी चेतवणारा ग्लुटामेट असेल तर पुढची पेशी शांत होते, तो पेशी दाबणारा गाबा असेल तर उलट ती अधिक जागी होते. म्हणून या यंत्रणेला सरसकट ‘मन शांत करणारी’ म्हणणे बरोबर नाही.

दोन रेणूंपैकी मुख्य कोणता, हा प्रश्न अजून चर्चेत आहे. मेंदूतील २-एजीचे प्रमाण आनंदामाइडच्या शंभरपटीहूनही अधिक असते, ते सीबी१ ला पूर्ण चेतवते, तर आनंदामाइड अर्धवट. वर उल्लेखिलेले डायअसिलग्लिसरॉल लायपेज जन्मतः नसलेल्या उंदरांत उलटा संदेश नाहीसा होतो, हे २०१० मध्ये दिसून आले. त्यामुळे चेतासंधीपुरते तरी २-एजीचे पारडे जड आहे. आनंदामाइड घडविणारे म्हणून मानलेले एनएपीई-पीएलडी हे विकर काढून टाकले तरी उंदरांच्या मेंदूत ते सापडतेच, म्हणजे ते तयार होण्याच्या वाटा एकाहून अधिक आहेत. ते पेशीत परत ओढून घेणारा स्वतंत्र वाहक आहे की नाही, यावरही एकमत नाही. त्याला मोडणारे एफएएएच हे विकर मात्र १९९६ पासून नीट माहीत आहे.

भांगेचा परिणाम : टीएचसी सुद्धा सीबी१ ला अर्धवटच चेतवते. फरक आहे तो वेळेचा आणि जागेचा. शरीराचा रेणू एका संधीत उमटून क्षणात मोडतो. टीएचसी सीबी१ असलेल्या सर्व भागांत एकदम पोहोचते आणि तासन्‌तास राहते. हिप्पोकॅम्पसमध्ये सीबी१ दाट असल्याने ताजे स्मरण विसकटते, अनुमस्तिष्क व तळगंडिकांमुळे तोल आणि कालभान बिघडते, अधोथॅलॅमसमुळे भूक लागते. श्वसन सांभाळणाऱ्या लंबमज्जेतील केंद्रांत हे ग्राही विरळ आहेत, म्हणून अफूप्रमाणे श्वास थांबून मृत्यू येण्याचा धोका येथे फार कमी असतो. यावरून ते निरुपद्रवी ठरत नाही. वाढत्या वयातल्या मेंदूबाबत आणि गर्भारपणात तर खास जपावे लागते.

गांज्याचा धूर मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचतो. भांग मात्र पोटातून जाते. पाटा-वरवंट्यावर घोटलेला पाला दुधात, बदाम-खसखशीबरोबर गाळला जातो आणि त्या स्निग्धांशात टीएचसी उतरते. यकृतात त्याचे ११-हायड्रॉक्सी-टीएचसी हे जोरकस रूप होते व परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही सुरू होतो. ‘चढत नाही’ म्हणून पाठोपाठ घेतलेला दुसरा पेला नेमका याच उशिरामुळे अंगावर येतो. रोजच्या सेवनाने मेंदूच्या बाह्यकातील सीबी१ ची संख्या घटते, हे प्रतिमाचित्रणातून दिसले असून सुमारे चार आठवडे सेवन बंद ठेवल्यास ती बऱ्याच अंशी पूर्ववत होते.

औषधे : सीबी१ बंद करणारे रिमोनाबँट लठ्ठपणावर युरोपात २००६ मध्ये आले, पण नैराश्य व आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये त्याची विक्री थांबवण्यात आली. एफएएएच रोखणाऱ्या एका प्रायोगिक औषधाच्या चाचणीत जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन येथे एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. हा मृत्यू औषध इतर प्रथिनांवरही बसत असल्याचा परिणाम असावा, असे नंतरचे काम सुचवते.

सीबीडीने नशा येत नाही व ते सीबी१ वर नीट बसतही नाही. बालवयातील दोन दुर्धर अपस्मार-प्रकारांसाठी अमेरिकेत त्याला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली. कोलकात्यात विल्यम ओ’शॉनेसी यांनी १८३९ मध्ये ४० दिवसांच्या मुलीच्या आचक्यांवर गांज्याचा अर्क थेंबाथेंबाने दिल्याची नोंद आहे. त्या अर्कात कोणता घटक किती होता, हे मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. अथर्ववेदातील ‘भङ्ग’ हीच वनस्पती, असे काही अभ्यासक मानतात. औषधीग्रंथांतील निःसंदिग्ध उल्लेख मात्र साधारणतः अकराव्या शतकानंतरचे धरणे अधिक सुरक्षित आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने चरस आणि फुलोऱ्याचा गांजा यांवर बंदी आहे. फुलोऱ्याविना असलेली पाने व बी त्या व्याख्येबाहेर राहिल्याने भांगेचे नियमन राज्यांकडे आहे.