मॉडेल एफच्या स्प्रिंगवर स्प्रे मारू नका

आयबीएमच्या 1981च्या मॉडेल एफ कीबोर्डची हुबेहूब नवी आवृत्ती घेणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: की दाबूनही अक्षर उमटत नसेल तर कीखालच्या स्प्रिंगचा संपर्क खराब झालाय, कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करणारा) स्प्रे मारा. चूक! इथे धातूला धातू टेकतच नाही. स्प्रिंग वाकते, तिच्या तळाची प्लॅस्टिकची पट्टी सर्किट बोर्डावर कलते आणि कंट्रोलर (कीबोर्डातली चिप) धारकतेतला, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतला, बदल मोजतो. संपर्कच नाही, तर स्प्रे साफ काय करणार? उलट स्प्रेचा ओलावा मागे राहिला तर त्यावर धूळ चिकटू शकते.

बहुतेकदा दोष कॅप, म्हणजे कीचं वरचं टोपण, बसवण्यात असतो. कॅप उपटा, कीबोर्ड उभा धरा, स्पेसबार छताकडे. स्प्रिंग नळीत सरळ आहे ना बघा, मग कॅप दाबा. टकटक ऐकू आली पाहिजे. वाकडी झालेली स्प्रिंग मात्र सरळ करत बसू नका, बदला.