इन्व्हर्टर आणि इन्व्हर्टर जनरेटर: होडीवर नेण्याआधी

परवा भाच्याबरोबर तापकीर गल्लीत, म्हणजे पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलो होतो. त्याने मित्रांबरोबर एक जुनी, छोट्या केबिनची होडी घेतली आहे. ती दाभोळच्या खाडीत असते आणि ही मुलं शनिवार-रविवार पुण्याहून तिकडे पळतात. "मामा, रात्री नांगर टाकून राहायचं तर बॅकअपला एक इन्व्हर्टर घेऊन ठेवतो," म्हणाला. दुकानदाराने काउंटरवर दोन वस्तू मांडल्या. दोन्ही खोक्यांवर 'इन्व्हर्टर' छापलेलं होतं, पण त्यातल्या एकीला पेट्रोलची टाकी होती.

गुरुवारी वीज गेली की हॉलच्या कोपऱ्यातून 'टक्' आवाज येऊन पंखा पुन्हा फिरू लागतो, तो आपला नेहमीचा इन्व्हर्टर. तो वीज तयार करत नाही. बॅटरीतल्या १२ व्होल्ट डीसीची २३० व्होल्ट एसी, म्हणजे घरातल्या प्लगला असते तशी वीज, करून देतो, एवढंच त्याचं काम. त्याला धूर नाही. बॅटरी उतरली की खेळ संपला.

इन्व्हर्टर जनरेटर हे मुळात इंजिन आहे. आपल्याकडचा साधा छोटा जनरेटर ५० हर्ट्झ मिळावेत म्हणून मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेत राहतो, एक बल्ब लावा नाहीतर पूर्ण लोड टाका. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये आधी निघालेल्या विजेची डीसी होते, मग आतलं सर्किट त्यातून स्वच्छ २३० व्होल्ट बनवतं. त्यामुळे लोड कमी असला की इंजिन हळू चालतं, पेट्रोल वाचतं, आवाजही कमी होतो. १ केव्हीएचा जनरेटर १२-१३ किलोचा, एका हाताने उचलता येणारा.

मला भीती वाटते ती याच सोयीची. आवाज कमी, नाव घरातलं, हातात मावणारा. पावसाची सर आली की कुणीही तो सहज केबिनच्या दाराशी ओढून घेईल. पण त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो, तोच हा वायू. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

आणि लक्षणं कोणती? डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, गळून जाणं. होडीवर असं झालं की आपण काय म्हणतो? "बोट लागली." मग त्या माणसाला आवळा सुपारी देऊन केबिनमध्ये आडवं करतो, म्हणजे नेमकं नको तिथे पाठवतो. पाणी शांत असताना, एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं तर बोट लागली म्हणू नका. आधी सगळ्यांना उघड्यावर आणा, जनरेटर बंद करा आणि किनाऱ्यावर डॉक्टर गाठा. करोनात घेतलेला पल्स ऑक्सिमीटर इथे फसतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनचंच वाटतं, आणि तो आरामात ९८ दाखवतो.

"मग मागच्या टोकाला ठेवू की," भाचा म्हणाला. नांगरावरची होडी साधारण वाऱ्याकडे तोंड करून राहते, तेव्हा धूर मागे निघून जातो, हे खरं. पण खाडीत दर सहा तासांनी भरती-ओहोटीचा प्रवाह फिरतो आणि प्रवाहाच्या जोराने होडीही फिरते. झोपताना धूर बाहेर जात होता, तोच मध्यरात्री केबिनमध्ये येऊ लागतो. वारा पडला तर तिथेच साचतो. म्हणून सगळे जागे असताना, उघड्यावरच तो चालवावा. केबिनमध्ये बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म हवाच.

पेट्रोलचं वेगळं सांगायला हवं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी जाऊन बसते आणि तळातलं पाणी उपसायच्या पंपाच्या स्विचची एक ठिणगीही तिला पुरते. टाकी धक्क्यावरच भरावी, तीही इंजिन गार झाल्यावर.

इन्व्हर्टरही निर्धोक नाही. घरातली ट्यूब्युलर बॅटरी, डिस्टिल्ड वॉटर घालायची ती, होडी कलली की ॲसिड सांडते. सीलबंद बॅटरी घ्यावी आणि ती पट्ट्याने आवळून बांधावी. चार्जिंगची जागा हवेशीर हवी. आणि लॅपटॉपचा चार्जर वगैरे लावायचा तर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या लाइनसारखी गुळगुळीत लहरीची वीज देणारा इन्व्हर्टरच घ्या. स्क्वेअर वेव्हवर पंखासुद्धा घूं घूं करतो.

हिशेब कागदाच्या पाठीवर केला. १२ व्होल्ट, १०० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) लेड-ॲसिड बॅटरीतले निम्मे वापरायचे म्हटले तर ६०० वॉट-तास. दिवे, छोटा पंखा, फोन मिळून ४० वॉट धरले तर रात्र आरामात निघते. शिवाय दिवे, पंप, होडीवरचा व्हीएचएफ रेडिओ बहुतेक १२ व्होल्टवरच चालतात, त्यांना इन्व्हर्टर मध्ये घालायचं कारणच नाही.

जनरेटर तेव्हा घेतला नाही. सीलबंद बॅटरी, छोटा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि अलार्म घेऊन आम्ही निघालो. दुकानातून उतरताना भाचा सोलर पॅनेल छतावर कुठे बसेल याचं माप फोनवर मित्राला सांगत होता.