प्रिंटर एक, वाटा चार: लिनक्सवरच्या नेटवर्क छपाईची पार्श्वभूमी

लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या कप्स या प्रणालीचे 'लोकलहोस्ट:६३१' हे पान ब्राउझरमध्ये उघडून प्रिंटर जोडायला घेतला की पर्यायांची यादी समोर येते: एलपीडी, ॲपसॉकेट अर्थात जेटडायरेक्ट, आयपीपी आणि सांबा (विंडोजशी फायली व प्रिंटर वाटून घेणारा प्रोग्राम) बसवलेला असेल तर विंडोजचा शेअर. नवखा माणूस इथेच गोंधळतो. खरे तर यातला प्रत्येक पर्याय एकेका काळातला तोडगा आहे. जुने प्रिंटर अजून चालतात, म्हणून जुने पर्यायही यादीत टिकून आहेत.

सर्वांत जुना एलपीडी. तो बर्कली युनिक्समधून आला, १९९० मध्ये आरएफसी ११७९ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदला गेला, आणि त्याचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचे क्रमांकाचे दार, ५१५. प्रिंटकॅप नावाच्या फाइलीत दोन-दोन अक्षरी खुणांनी सगळे लिहायचे: 'आरएम' म्हणजे पलीकडचे मशीन, 'आरपी' म्हणजे तिथल्या क्यूचे, म्हणजे छपाईच्या रांगेचे, नाव. क्यूचे नाव एका अक्षराने चुकले तरी जॉब, म्हणजे छापायला पाठवलेले काम, अडतो, आणि हे आजही खरे आहे. त्या आरएफसीत आणखी एक मेख होती. जॉब पाठवणाऱ्याने ७२१ ते ७३१ यांपैकीच पोर्ट वापरायचा. म्हणजे अकराच दारे. एकामागोमाग बरेच जॉब सोडले की ती संपत आणि पुढचा जॉब दार मोकळे होईपर्यंत ताटकळत राही.

त्या काळातला सर्वांत ओळखीचा बिघाड म्हणजे जिना. ओळ संपली की युनिक्स फक्त 'लाइन फीड' पाठवते, तर डॉसच्या सवयीच्या प्रिंटरला 'कॅरेज रिटर्न'ही लागतो. कागद एक ओळ सरकतो, पण छपाई डाव्या कडेला परतत नाही. पहिली ओळ जिथे संपली तिथूनच दुसरी सुरू होते आणि तीन-चार ओळींत मजकूर उजव्या कडेबाहेर जातो. प्रिंटर ठणठणीत असायचा, मजकूर प्रिंटरला रुचेल असा बदलणारा मधला फिल्टर तेवढा राहिलेला असायचा.

त्याहून अवघड प्रश्न भाषेचा होता. युनिक्सवरचे प्रोग्राम पोस्टस्क्रिप्ट या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेत छपाई काढत आणि ती समजणारे प्रिंटर महाग असत. १९८८ मध्ये एल. पीटर डॉइच यांचे घोस्टस्क्रिप्ट आले. त्यामुळे पानाचे ठिपके संगणकातच तयार होऊ लागले आणि साधा प्रिंटरही चालू लागला. ही पायरी चुकली की पानाच्या डोक्यावर '%!पीएस' उमटते आणि मागून पानेच्या पाने कोड बाहेर पडतो. असे दिसले तर केबल तपासत बसू नये, ड्रायव्हर चुकला आहे.

जेटडायरेक्टची वाट सर्वांत सरळ: पोर्ट ९१०० उघडायचा आणि बाइट ओतायचे. म्हणून ती अजून चालते. पण बाइट पोहोचले म्हणजे पान निघाले असे नाही, त्यामुळे स्क्रीनवर 'पूर्ण' दिसत असताना ट्रे रिकामा असू शकतो.

मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये कप्स लिहायला घेतले. सुरुवातीचा बेत एलपीडीचाच होता, पण त्याच्या मर्यादा दिसल्यावर त्यांनी आयपीपी, म्हणजे इंटरनेटवरून छपाईचा प्रोटोकॉल, निवडले. आयपीपी वेबपानांच्याच एचटीटीपीवर चालते, म्हणूनच प्रिंटरची मांडणी ब्राउझरमध्ये करता येते. पोर्ट ६३१ हाच. ॲपलने २००२ मध्ये मॅक ओएस एक्स १०.२ मध्ये कप्स घेतले आणि २००७ मध्ये त्याचा सोर्स कोडच विकत घेतला. २०१९ च्या अखेरीस स्वीट तिथून बाहेर पडले. पुढचे काम ओपनप्रिंटिंग या मुक्त सॉफ्टवेअर गटाकडे आले आणि २०२१ मध्ये आवृत्ती २.४ निघाली.

कप्समध्ये बराच काळ प्रत्येक मॉडेलला स्वतःची पीपीडी फाइल, म्हणजे त्या प्रिंटरच्या सोयींचे वर्णन, लागे. जवळपासचे मॉडेल निवडून भागवले की पान छापले जाई, पण ट्रे किंवा दुहेरी छपाई गंडत असे. ही कटकट मिटली ती फोनमुळे. फोनमध्ये हजारो ड्रायव्हर कोण ठेवणार? ॲपलच्या २०१० च्या एअरप्रिंटपासून प्रिंटर स्वतःच सांगू लागला: कागद अमुक, रंग आहे, दोन्ही बाजू छापतो. २०१३ च्या आयपीपी एव्हरीव्हेअरने हीच सोय खुल्या मानकात आणली. आता पत्ता 'आयपीपी://१९२.१६८.१.५०/आयपीपी/प्रिंट' असा द्यायचा, मॉडेलच्या जागी 'एव्हरीव्हेअर', आणि राउटरमध्ये तो आयपी प्रिंटरसाठी राखून ठेवायचा.

बहुतेकदा पत्ताही द्यावा लागत नाही, नेटवर्कवरची उपकरणे शोधणारी अवाही ही सेवा प्रिंटर शोधून काढते. पण ही हाक यूडीपी पोर्ट ५३५३ वर जाते आणि सबनेट, म्हणजे नेटवर्कचा आपला तुकडा, ओलांडत नाही. लॅपटॉप गेस्ट वायफायवर आणि प्रिंटर मुख्य नेटवर्कवर असला तर यादी रिकामीच राहणार. सप्टेंबर २०२४ मध्ये या आपोआप शोधाची दुसरी बाजू दिसली. नवे प्रिंटर आपोआप यादीत घालणारी कप्स-ब्राउझ्ड ही सेवा यूडीपी पोर्ट ६३१ वर कुणाचेही ऐकत होती, त्यामुळे खोटा प्रिंटर घुसवून, त्यावर जॉब सोडला जाताच संगणकावर आज्ञा चालवता येत होती. गरज नसेल तर ही सेवा बंद ठेवलेली बरी.

पुढच्या कप्स ३ मध्ये पीपीडी राहणार नाही, म्हणून जुन्या प्रिंटरची सोय वेगळी पाहावी लागेल. आपल्याकडच्या ऑफिसांत अजून धडधडणाऱ्या लेझरजेट १०२० सारख्या प्रिंटरला तर दर वेळी चालू केल्यावर संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरचे आतले सॉफ्टवेअर, भरावे लागते. असा प्रिंटर कप्स २.४ असलेल्या एका मशीनला यूएसबीने जोडून क्यू शेअर करावा. बाकीच्या मशीनना तो आयपीपी प्रिंटर म्हणूनच दिसतो.