वाचनालयाचं सभासद व्हायचंय? नाशिककरांसाठी अर्जापासून पावतीपर्यंतची माहिती

जून-जुलैत सीबीएस आणि शालिमारच्या भागात पाठीला सॅक लावून खोली शोधत फिरणारी मुलंमुली दिसतात. कुणी पेठहून आलेलं असतं, कुणी सुरगाण्याहून, कुणी कळवणहून. पुढे यातली बरीचशी टिळकपथावरून रोज ये-जा करतात, पण तिथल्या सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढत नाहीत. 1840 सालची संस्था, शेजारी नाट्यगृह, भिंतींवर जुन्या मंडळींच्या तसबिरी. आपल्याला आत कोण घेणार, असं त्यांना वाटतं. पंचवटीत सगळं आयुष्य काढलेल्या माणसांकडूनही मी हेच ऐकलंय, आणि दर वेळी जीव हळहळतो. म्हणून अर्ज कसा करायचा, कोणते कागद न्यायचे आणि पैसे भरताना काय तपासायचं, ते इथं सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. वर्तमानपत्रं वाचायला बहुतेक ठिकाणी सभासद व्हावं लागत नाही. मुक्तद्वार विभागात कुणीही यावं, बसावं, वाचावं. सभासदत्व लागतं ते पुस्तक घरी न्यायला, आणि बऱ्याच ठिकाणी अभ्यासिकेत जागा मिळवायला.

शासनमान्य आणि शासकीय यांत फरक आहे

हे दोन शब्द लोक सर्रास एकाच अर्थानं वापरतात, पण अर्जाची रीत या फरकावरच ठरते. शासनमान्य वाचनालय चालवते ती नोंदणीकृत संस्था. तिची स्वतःची घटना असते, निवडून आलेलं कार्यकारी मंडळ असतं, वर्गणी किती हे ती संस्था ठरवते आणि राज्य सरकार तिला अनुदान देतं. टिळकपथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ‘सावाना’, या प्रकारातलं. शासकीय ग्रंथालय मात्र थेट सरकारचं; तिथले कर्मचारी सरकारी आणि दरही सरकारनं ठरवलेले. नाशिकला शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, हे कितीतरी नाशिककरांच्या गावीही नसतं. दोन्हीकडे पुस्तकं मिळतात. पण शासकीय ग्रंथालयात तुम्ही वाचक असता, तर संस्थेच्या वाचनालयात संस्थेचे सभासद. त्याचा अर्थ पुढे सांगते.

पात्रता म्हणाल तर ती फार साधी. सार्वजनिक ग्रंथालयाचं दार जात, धर्म, शिक्षण न बघता सगळ्यांना खुलं असावं लागतं. आपल्याकडे यासाठी कायदाच आहे: महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967, जो 1 मे 1968 पासून लागू झाला. या कायद्यानं लोकांवर वेगळा ग्रंथालय कर लावलेला नाही. अनुदान राज्याच्या तिजोरीतून जातं, म्हणजे तुमच्या-माझ्याच करातून. तेव्हा आत जाताना संकोच वाटायचं काहीच कारण नाही.

कागद कोणते

आधारकार्डाची झेरॉक्स, पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो एवढं नेलंत की बहुतेक ठिकाणी काम होतं. मूळ कागदही सोबत ठेवा, ताडून बघायला मागतात. काही ठिकाणी एखाद्या जुन्या सभासदाची शिफारस किंवा जामीनदाराची सही लागते. ओळखीचं कुणी नसेल तर तसं सरळ सांगा आणि ग्रंथपालांना विचारा. शाळेतले शिक्षक किंवा जवळच्या वाचनालयाचे कर्मचारी चालतात का, याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं.

अडतं ते भाडेकरूंचं आणि खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं. आधारवर गावाचा पत्ता आणि राहायला सिडको किंवा म्हसरूळ. भाडेकरार असेल तर प्रश्नच नाही. तो नसेल तर घरमालकाच्या नावाचं वीजबिल आणि त्यांची दोन ओळींची सही केलेली चिठ्ठी न्या. विद्यार्थ्यांनी कॉलेजचं बोनाफाईड न्यावं. नाशिकचा पत्ता त्यावर लिहून मागितला तर कॉलेजं देतात. एका कागदावर अडलं म्हणून परत फिरू नका. त्याऐवजी दुसरं काय चालेल, हे काउंटरवर उभं असतानाच विचारा. मुलांच्या अर्जावर आई किंवा वडिलांची सही लागते आणि पुस्तकाची जबाबदारीही त्यांचीच राहते.

फॉर्म भरताना नाव आधारवर आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर नक्कीच, कारण पुढे अनामत परत घेताना नेमकं तिथंच खुसपट निघतं. फॉर्मच्या मागे छापलेले नियम कुणी वाचत नाही. तेवढे दोन परिच्छेद वाचा: पुस्तक किती दिवस ठेवता येतं, उशिराचा दंड किती, हरवलं तर किंमत कशी धरतात. जुनं, आता न छापलं जाणारं पुस्तक हरवलं तर छापील किमतीवर भागत नाही.

पावतीवर तीन रकमा

पैसे भरलेत की पावतीवर प्रवेश शुल्क, अनामत आणि वर्गणी अशा तीन रकमा वेगवेगळ्या लिहिल्यात का ते बघा. प्रवेश शुल्क परत मिळत नाही, वर्गणी महिन्याची किंवा वर्षाची असते, आणि अनामत तुमचीच असते. सभासदत्व सोडताना ती परत मिळते.

माझे वडील गेल्यावर त्यांच्या कपाटात वाचनालयाचं कार्ड सापडलं, पावती काही सापडली नाही. वाचनालयात गेले तर वहीत नोंद होती, रक्कमही होती, पण पावती नाही म्हणून तीन हेलपाटे झाले. चौथ्या वेळी हमीपत्र लिहून दिलं, तेव्हा पैसे मिळाले. रक्कम फार नव्हती, पण त्यांच्या हातचं काहीतरी परत आणायला निघाल्यासारखं मला वाटत होतं. तेव्हापासून आमच्या घरातली प्रत्येक पावती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात असते आणि मोबाइलमध्ये तिचा फोटोही असतो. तुम्हीही एवढं करा.

आता संस्थेच्या सभासदत्वाचा अर्थ. अशा वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, हिशेब मांडले जातात, ठरलेल्या मुदतीनं निवडणूक होते. कोणत्या वर्गाच्या सभासदाला, किती काळानंतर मत देता येतं, हे त्या संस्थेच्या घटनेत लिहिलेलं असतं. सभासद होतानाच ते विचारून घ्या. वर्गणी थकली की मतदार यादीतून नाव जातं आणि हे कळतं ते निवडणुकीच्या तोंडावर.

सरकारी बातमी आणि वाचनालयाचं टेबल

2024 च्या जुलैमध्ये सेतू केंद्रांसमोर लागलेल्या रांगा आठवत असतील. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय 28 जून 2024 ला निघाला आणि अधिवास प्रमाणपत्रासाठी एकच झुंबड उडाली. 3 जुलैला सुधारित निर्णय आला. अधिवास प्रमाणपत्र नसेल तर 15 वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला चालेल, असं त्यात होतं. आमच्या शेजारच्या वहिनी त्यानंतरही दोन दिवस रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या फोनवर आलेला मेसेज जुना होता.

असं होऊ नये म्हणून मूळ निर्णय बघायची सवय लावा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ असा विभाग आहे. विभागाचं नाव आणि तारीख टाकली की निर्णय उघडतो, आणि मराठीत असतो. प्रत्येक निर्णयाला 18 अंकी संकेतांक असतो. त्यातले पहिले आठ आकडे वर्ष, महिना आणि दिवस सांगतात. फॉरवर्ड आलेल्या कागदावर हा संकेतांक नसेल किंवा संकेतस्थळावर टाकून तो सापडत नसेल, तर त्याच्या भरवशावर पैसे खर्च करू नका. इंटरनेट जमत नसेल तर वाचनालयातली वर्तमानपत्रं आणि शासनाचं ‘लोकराज्य’ मासिक बघा. जाहीर नोटिसा, हरकती-सूचनांच्या मुदती आतल्या पानांवर बारीक अक्षरात येतात. एकच पेपर घेणाऱ्या घरात त्या दिसतीलच असं नाही, वाचनालयाच्या टेबलावर सगळे पेपर असतात.

कॉलनीत किंवा गावात स्वतःचं वाचनालय काढायचं असेल

आधी किमान सात जणांची संस्था करावी लागते. तिची नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते, त्यासाठी घटना, नियमावली, पदाधिकाऱ्यांची यादी आणि जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र तयार ठेवा. त्यानंतर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात जाऊन दोन गोष्टी विचारा: नवीन मान्यतेचे अर्ज सध्या घेतले जातायत का, आणि चालू निकषांचा कागद मिळेल का. हे विचारणं महत्त्वाचं, कारण 2012 नंतर कितीतरी वर्षं नवीन मान्यता बंद होती आणि तयारी करून बसलेल्या अनेक गावांचा त्यात हिरमोड झाला.

मान्यता अ, ब, क, ड अशा चार वर्गांत मिळते. पुस्तकं किती, दैनिकं-नियतकालिकं किती, वाचनालय रोज किती तास उघडं असतं, सभासद आणि सेवक किती, यावर वर्ग ठरतो. म्हणून दाखल-नोंदवही, देवघेव रजिस्टर आणि खर्चाची व्हाउचरं पहिल्या दिवसापासून ठेवा; मागाहून तयार केलेली वही तपासणीत उघडी पडते. अनुदान दोन हप्त्यांत येतं. 2022-23 पासून त्यात 60 टक्के वाढ झाली, तेव्हा ड वर्गाचं वर्षाचं अनुदान 30,000 वरून 48,000 रुपयांवर गेलं. त्यातून पुस्तकं, पेपर, वीज आणि ग्रंथपालाचं मानधन भागवायचं असतं. खेड्यातलं वाचनालय संध्याकाळी दोन-तीन तास उघडं ठेवणारा माणूस किती थोडक्यावर राबतो, याची कल्पना या आकड्यावरून येईल. त्याच्याशी बोलताना आवाज चढवू नका.

तक्रार असेल तर ती आधी ग्रंथपालांना सांगा. तिथे सुटली नाही तर कार्यकारी मंडळाच्या अध्यक्षांना लेखी द्या, आणि शासनमान्य वाचनालय असेल तर त्यानंतर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढा. एक तिथे द्यायची, दुसरीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्यायची.