आयएसओ ५०००१ चं सर्टिफिकेट: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाआधीचं वर्ष

"पन्नास हजार एक करायचंय, फॉर्म कुठं मिळतो?" कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फिरताना हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा कानावर येतो. विचारणारे बहुतेक फाउंड्रीवाले नाहीतर मशीनशॉपवाले. परदेशी ग्राहकाने पाठवलेल्या प्रश्नावलीत 'ऊर्जा व्यवस्थापन पद्धत आहे का' असा एक रकाना असतो. त्यात 'हो' लिहायचं असतं आणि तेही महिनाभरात. महिनाभरात ते होत नाही. फॉर्म चार पानांचाच असतो, पण त्यात विचारलेल्या आकड्यांच्या मागे निदान वर्षभराच्या नोंदी लागतात. त्यामुळे आधी त्या वर्षाचं बोलू, मग फॉर्मचं.

आयएसओ ५०००१ हे ऊर्जा व्यवस्थापन पद्धतीचं आंतरराष्ट्रीय मानक. त्याची पहिली आवृत्ती २०११ साली आली, सध्याची २०१८ ची आहे. २०२४ मध्ये हवामानबदलाबद्दलची एक छोटी दुरुस्ती तिला जोडली गेली. ज्यांच्याकडे ९००१ (गुणवत्तेचं) किंवा १४००१ (पर्यावरणाचं) आहे त्यांना सांगाडा ओळखीचा वाटेल, कलमांची मांडणी तीच आहे. फरक एकच, पण मोठा. इथे पद्धत चालू आहे एवढं दाखवून भागत नाही. ऊर्जेचा वापर खरोखर सुधारलाय हे आकड्यांत दाखवावं लागतं, आणि पहिलं सर्टिफिकेट हातात पडण्याआधीच दाखवावं लागतं.

कोणाला करता येतं

कोणालाही. कारखाना, रुग्णालय, कॉलेज, हॉटेल, नगरपालिकेची पाणीपुरवठा योजना, सगळे पात्र. कामगार किती, उलाढाल किती, वीज किती जळते, याला खालची मर्यादा नाही. उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योगसुद्धा करू शकतो. अट इतकीच, की ज्या जागेसाठी सर्टिफिकेट हवंय तिथल्या ऊर्जावापरावर तुमचा ताबा पाहिजे. भाड्याच्या गाळ्यात बसलात आणि वीज मालकाच्या मीटरवरून, बिल ठोक रकमेत, असं असेल तर आधी स्वतःचा सबमीटर बसवा.

इथे एक गल्लत नेहमी होते. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ खाली 'नियुक्त ग्राहक' म्हणून जे उद्योग अधिसूचित आहेत, त्यांच्यावरची बंधनं वेगळी आहेत. कापड उद्योगासाठी ती मर्यादा वर्षाला ३,००० टन तेल-समतुल्य आहे, म्हणजे नुसत्या विजेत मोजलं तर साडेतीन कोटी युनिटांच्या आसपास. सिमेंटसाठी ३०,००० टन. या मंडळींना प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक नेमावाच लागतो, दरवर्षी वापराचं विवरणपत्र द्यावं लागतं आणि मान्यताप्राप्त ऊर्जा लेखापरीक्षकाकडून ऑडिट करून घ्यावं लागतं. कायदा केंद्राचा, तो राबवते ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे बीईई. महाराष्ट्रात राज्याची यंत्रणा महाऊर्जा. आयएसओ ५०००१ मात्र ऐच्छिक आहे. त्यासाठी बीईईची परीक्षा पास झालेला माणूस असलाच पाहिजे असं मानक म्हणत नाही. असला तर चांगलंच. पण तुम्ही नियुक्त ग्राहक असाल, तर कायद्याची पूर्तता झाली का हे आयएसओचा ऑडिटर विचारणारच.

युरोपातलं मागणीचं कारणही सांगून टाकतो. तिथल्या २०२३ च्या ऊर्जा कार्यक्षमता निर्देशात वर्षाला सरासरी ८५ टेराज्यूलच्या वर ऊर्जा वापरणाऱ्या कंपन्यांना ऑक्टोबर २०२७ पर्यंत अशी पद्धत बसवायला सांगितलंय. ८५ टेराज्यूल म्हणजे साधारण २ कोटी ३६ लाख युनिट. हे बंधन तिकडच्या कंपन्यांवर आहे, तुमच्यावर नाही. ग्राहक जे विचारतो ती त्याची व्यापारी अट असते, आणि तिला किती मान द्यायचा हे तुम्ही ठरवायचं.

हद्द आखताना

पहिलं काम हद्द ठरवण्याचं. कुठली जागा, कुठली शेड, कुठली कामं यात येतात ते लिहायचं. एका गटात तीन प्लॉट असतील तर एकच घेता येतो. पण एकदा हद्द आखली की आतली कुठलीही ऊर्जा वगळता येत नाही. विजेचा हिशेब चोख ठेवायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं, असं चालत नाही. जनरेटरचं डिझेल, फोर्कलिफ्टचं डिझेल, लॅडल (वितळलेला धातू ओतायचं भांडं) तापवायचा गॅस, छतावरच्या सोलरची वीज, कँटीनचे सिलिंडर, सगळं यादीत यायला हवं. एका कारखान्यात मी डिझेलची नोंदवही मागितली, तर स्टोअरवाल्याने पेट्रोलपंपाच्या पावत्यांनी भरलेली बिस्किटांची पिशवी पुढे ठेवली. अर्ध्या पावत्यांवरची शाई उडाली होती. त्या पिशवीपायी पुढचे दोन महिने गेले.

ऊर्जा आढावा आणि बेसलाइन

सगळी इमारत या दोन गोष्टींवर उभी राहते, म्हणून इथे थोडा वेळ घालवू.

ऊर्जा आढावा म्हणजे किती, कशात आणि का खर्च होतं याचा लेखी हिशेब. निदान बारा महिन्यांची वीजबिलं घ्या. उच्चदाबाच्या बिलात युनिट, कमाल मागणी, पॉवर फॅक्टर, दिवसाच्या वेळेनुसारचा वापर हे सगळं छापलेलं असतं. बहुतेक ठिकाणी अकाउंटवाला शेवटची रक्कम बघून बिल फाइलला लावतो. त्यानंतर मोठा वापर कुठे आहे ते शोधायचं. फाउंड्रीत ती इंडक्शन भट्टी असणार, त्यापाठोपाठ कॉम्प्रेसर, सँड प्लांट, कूलिंग टॉवरचे पंप. या 'लक्षणीय ऊर्जा वापरां'ची यादी, प्रत्येकावर कशाचा परिणाम होतो ते, आणि तो चालवणारा माणूस कोण, हे सगळं लिहून ठेवावं लागतं.

आता बेसलाइन. 'टनाला इतके युनिट' हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. समजा एका महिन्यात १२० टन माल निघाला आणि १,०८,००० युनिट जळले. टनाला ९००. दिवाळीच्या महिन्यात ६० टन निघाला आणि ६६,००० युनिट. टनाला १,१००. मालक म्हणतो, या महिन्यात पोरांनी वीज उधळली. तसं काही झालेलं नसतं. बारा महिन्यांचे ठिपके आलेखावर मांडले की दिसतं, महिन्याला २४,००० युनिट माल निघो न निघो जातातच, आणि त्यावर टनाला ७०० लागतात. दोन्ही महिने या एकाच रेषेवर बसतात, करून बघा. बेसलाइन म्हणजे ही रेषा. पुढे सुधारणा केल्यावर एखाद्या महिन्यात १०० टन निघाला, तर रेषेप्रमाणे ९४,००० युनिट लागायला हवे होते. प्रत्यक्षात ८९,३०० लागले असतील तर ५ टक्के बचत झाली. ऑडिटरला हा ५ टक्क्यांचा आकडा हवा असतो, आणि तो कसा काढला याचा कागदही.

ते २४,००० युनिट कुठे जातात ते शोधायला मी आधी कॉम्प्रेसरकडे जातो. सुट्टीच्या दिवशी किंवा शिफ्ट संपल्यावर सगळी यंत्रं बंद करायची आणि कॉम्प्रेसर एकटाच चालू ठेवायचा. मग मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तो किती वेळ लोडवर (हवा भरत) राहतो आणि किती वेळ अनलोडवर (नुसता फिरत), ते मोजायचं. ४० सेकंद लोड, ८० सेकंद अनलोड आलं तर ४० भागिले १२०, म्हणजे कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली ३३ टक्के हवा नुसती गळतेय. शांत शेडमध्ये ती फुसफुस ऐकूसुद्धा येते. कपलिंग आणि होस बदलायचा खर्च किरकोळ असतो. पहिलं सर्टिफिकेट मिळवण्यापुरती सुधारणा कित्येकदा एवढ्यातच निघते.

कोणते कागद तयार ठेवायचे

कागदांचे दोन गठ्ठे करा. पहिला अर्जासोबतचा: कंपनी नोंदणीचा किंवा भागीदारीचा कागद, जीएसटी नोंदणी, असल्यास उद्यम प्रमाणपत्र, कारखाना परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, जागेचा पत्ता आणि नकाशा, शिफ्टनिहाय माणसांची संख्या, बारा महिन्यांचा प्रत्येक इंधनाचा वापर, ऊर्जा किती प्रकारची आहे आणि लक्षणीय वापर किती आहेत. शेवटची माहिती सहज म्हणून मागितलेली नसते. ऑडिटला किती मनुष्यदिवस लागणार हे त्यावरून, म्हणजे माणसं आणि ऊर्जेची गुंतागुंत धरून ठरतं, आणि फीसुद्धा त्यावरच. आकडे कमी दाखवून फी वाचवायला जाल तर पहिल्याच भेटीत ते उघडं पडतं आणि करार नव्याने करावा लागतो.

दुसरा गठ्ठा पद्धतीचा. हद्दीचं निवेदन, वरिष्ठांच्या सहीचं ऊर्जा धोरण, ऊर्जा टीमचं नेमणूक पत्र, ऊर्जा आढावा, ऊर्जा कामगिरी मोजायचे निर्देशक आणि बेसलाइन काढण्याची रीत, उद्दिष्टं आणि कृती आराखडा (कोण, कधीपर्यंत, किती खर्चात, बचत कशी मोजणार), मोजमापाची योजना, मीटरची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं, कायदेशीर बाबींची यादी आणि त्यांच्या पूर्ततेच्या नोंदी, प्रशिक्षणाच्या नोंदी, अंतर्गत ऑडिटचा अहवाल, व्यवस्थापन आढावा बैठकीचं इतिवृत्त. जाडजूड 'ऊर्जा मॅन्युअल' मानक मागत नाही. सल्लागार ते विकतात, कारण ते आयतं असतं.

खरेदीकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. लक्षणीय वापरावर परिणाम करणारी वस्तू घेताना ऊर्जा कामगिरी हा निकष आहे, हे पुरवठादाराला कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा खरेदी ऑर्डरवर तशी ओळ हवी. जळालेली मोटर तिसऱ्यांदा रिवाइंड करून बसवली असेल, तर नवी का घेतली नाही या प्रश्नाला उत्तर तयार ठेवा.

अर्ज कोणाकडे

आयएसओ स्वतः कोणालाच सर्टिफिकेट देत नाही. ते प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थांना मान्यता देणारी भारतातली यंत्रणा म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाखालची एनएबीसीबी. परदेशी मान्यता असलेल्या संस्थाही इथे काम करतात. संस्थेची मान्यता ५०००१ साठीच आहे ना, ते तपासा. ९००१ ची मान्यता असली म्हणजे ही असतेच असं नाही. 'तीन दिवसांत आयएसओ, घरपोच' म्हणणाऱ्याचा कागद फ्रेम करून लावण्यापुरता असतो. परदेशी ग्राहक आयएएफ सर्टसर्च या सर्टिफिकेट तपासायच्या ऑनलाइन यादीत नाव टाकतो आणि ते सापडत नाही. आणखी एक गोष्ट, सल्ला आणि प्रमाणन एकाच संस्थेकडून घेता येत नाही. कोणी दोन्हींचं एकत्र कोटेशन देत असेल तर तिथूनच परत फिरा.

दोनतीन संस्थांकडून कोटेशन घ्या आणि ते नेहमी तीन वर्षांचं मागा. पहिल्या वर्षाची फी कमी दाखवून पुढच्या ऑडिटांना वाढवायची, ही रीत बाजारात आहे.

ऑडिटचे दोन टप्पे

करार झाला की पहिला टप्पा. यात कागद तपासतात: हद्द बरोबर आहे का, बेसलाइन पटते का, अंतर्गत ऑडिट आणि व्यवस्थापन आढावा झालाय का. हे दोन्ही झालेले नसतील तर दुसऱ्या टप्प्याला बोलावण्यात अर्थ नाही.

दुसरा टप्पा शॉपफ्लोअरवर होतो. एका ऑडिटला मी बाजूला उभा होतो. ऑडिटर सरळ भट्टीवाल्याकडे गेला आणि विचारलं, "झाकण उघडं का?" "चार्जिंग चाललंय, सायेब. झालं की लावतो. उघडं ठेवलं तर हीट लांबती आन् युनिट वाढत्यात." ऑडिटरने लिहून घेतलं आणि पुढे गेला. मॅनेजरने पाठ केलेलं धोरण त्याने ऐकलंही नाही.

त्रुटी निघाल्या तर घाबरायचं कारण नाही. किरकोळ त्रुटीसाठी कारण आणि दुरुस्तीचा आराखडा पुरतो. मोठी त्रुटी असेल तर ती दूर झाल्याची खात्री करूनच सर्टिफिकेट देतात, आणि ती खात्री सहा महिन्यांत झाली नाही तर दुसरा टप्पा पुन्हा करावा लागतो. सर्टिफिकेट तीन वर्षांचं असतं, मध्ये दरवर्षी देखरेख ऑडिट. त्यातलं पहिलं, सर्टिफिकेटचा निर्णय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पुनर्प्रमाणन, आणि तेव्हाही सुधारणा दाखवावीच लागते.

वेळेचा अंदाज द्यायचा तर वापराच्या जुन्या नोंदी असलेल्यांना सुरुवातीपासून सहा ते आठ महिने धरायला हरकत नाही. नोंदी शून्यातून सुरू करणाऱ्यांना वर्षाच्या पुढे जातं. खर्चासाठी सवलत मिळते का, हे जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. धोरणं बदलत राहतात, तेव्हा जुन्या व्हॉट्सअॅप मेसेजवर विसंबू नका. केंद्राच्या लघुउद्योगांसाठीच्या झेड (झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट) योजनेत ऊर्जा व्यवस्थापन हा एक निकष आहे आणि तिथे सूक्ष्म उद्योगांना प्रमाणनाच्या खर्चात ८० टक्के, लघु उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के सवलत ठेवलेली आहे. ती सवलत झेडच्या सर्टिफिकेटची, ५०००१ ची नव्हे. पण दोन्हींच्या नोंदी बऱ्याचशा त्याच लागतात, म्हणून लहान कारखान्याने झेडपासून सुरुवात केली तरी मेहनत वाया जात नाही.

आज सुरुवात करायची असेल तर अकाउंटवाल्याकडून गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं मागवा, प्रत्येकाशेजारी त्या महिन्याचं टनेज लिहा आणि डिझेलसाठी एक वही घाला.