चोवीस तासांचा पाऊस, अर्ध्या तासाचा पूर

बेळगाव शहरात काल ६० मिलिमीटर पाऊस झाला, एवढंच पेपरात छापून आलं तर त्यावरून काय कळतं? आर्द्रात दिवसभर धरलेली झड असेल तर हे ६० मिलिमीटर जमिनीत जिरत जिरत पडले असणार. शिवारातला माणूस खूश, शहरातला माणूस छत्री घेऊन बाजारात. पण तेच ६० मिलिमीटर वळवाच्या एका तासात कोसळले असतील, तर सखल गल्ल्यांत दारातून पाणी आत आलेलं असतं. रोज सकाळी साडेआठला साठलेलं पाणी काचेच्या मापात ओतून वाचणाऱ्या पर्जन्यमापकाच्या नोंदवहीत मात्र दोन्ही दिवसांपुढे एकच आकडा येतो.

हिशेब करून पाहू. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा लाख लिटर पाणी. समजा, एखाद्या नाल्याचं पाणलोट क्षेत्र २० चौरस किलोमीटर आहे आणि पडलेल्या पाण्यापैकी निम्मं वाहून नाल्यात येतं. ६० मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत विभागून पडला तर नाल्याला सरासरी अडीचशे क्युसेकच्या (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) आसपास पाणी वाहून न्यावं लागेल. तोच एका तासात पडला आणि पाणीही त्याच वेगानं उतरलं, तर जवळजवळ ५,९०० क्युसेक. प्रत्यक्षात पाणी थोडं मागेपुढे पोहोचतं, त्यामुळे शिखर याहून काहीसं बसकं असतं. पण अडीचशेचा नाला आणि काही हजारांचा नाला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येळ्ळूर-वडगाव-शहापूर शिवारात बळ्ळारी नाल्याकाठी बासमती पिकवणाऱ्यांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

म्हणून बेळगावात पावसाची यंत्रं वाढवायची चर्चा निघाली, की किती यंत्रं याआधी ती कशासाठी हे विचारायला हवं. कर्नाटकात यंत्रं कमी नाहीत. राज्यानं १९८८ साली दुष्काळावर नजर ठेवायला एक कक्ष काढला. त्याचंच पुढे राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र झालं. या केंद्रानं ग्रामपंचायतीगणिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवत सहा हजारांवर यंत्रांचं जाळं उभं केलं. सौरऊर्जेवर चालणारं हे यंत्र दर पंधरा मिनिटांनी मोबाइल नेटवर्कवरून आकडा पाठवतं. बेळगाव जिल्ह्याचं क्षेत्रफळ १३,४१५ चौरस किलोमीटर आणि ग्रामपंचायती पाचशेच्या आसपास. म्हणजे सरासरी सत्तावीस चौरस किलोमीटरला एक यंत्र. भारतीय मानकानुसार सपाट प्रदेशात ५२० चौरस किलोमीटरला एक आणि जोरदार पावसाच्या डोंगराळ भागात १३० चौरस किलोमीटरला एक मापक पुरतो. कागदावर आपण श्रीमंत आहोत.

पण या श्रीमंतीची वाटणी कशी झाली ते बघा. ग्रामपंचायत हा निकष धरला की महानगरपालिकेच्या हद्दीशी तो निकषच संपतो. शहराचा विचार वेगळा करावा लागतो. उलट टोकाला खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग. तिथे भीमगडचं जंगल, विरळ वस्ती आणि पसरलेल्या पंचायती. मापक बसतो पंचायतीच्या गावात, आणि ढग अडतात डोंगरमाथ्यावर. कणकुंबी-आमगाव पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, बेळगाव शहरात बाराशे-तेराशे आणि अथणीत जेमतेम साडेपाचशे-सहाशे. एकाच जिल्ह्यात एवढी उतरंड आहे. पाऊस जिथे सर्वांत जास्त आणि सर्वांत वेगानं बदलतो, तिथेच माणसं कमी, म्हणून यंत्रंही कमी. पीकपाण्याच्या हिशेबात यात काही चूक नाही, कारण पीक माणसांजवळ असतं. पुराचं पाणी मात्र जंगलातूनच येतं.

सीमेपलीकडचीही गोष्ट अशीच. बेळगावला पाणी पाजणारं राकसकोप धरण ज्या मार्कंडेय नदीवर आहे, ती महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्याच्या सीमेलगतच्या डोंगरांतून येते. सीमेपलीकडचा पाऊस महाराष्ट्राच्या महावेध प्रकल्पातली यंत्रं मोजतात. २०१७ पासून महसूल मंडळांत बसवलेली ही स्वयंचलित हवामान केंद्रं मुख्यतः शेतीसल्ला आणि पीकविमा यांसाठी आहेत. एका राज्याचं जाळं दुष्काळातून जन्मलं, दुसऱ्याचं पीकविम्याच्या गरजेतून. दोन्हींचा माग काढणारं घड्याळ आठवड्यांचं आणि महिन्यांचं. पुराचं घड्याळ मिनिटांचं आहे, आणि ढगांना तर दोन राज्यांची सीमा ठाऊकच नाही.

शहराला यंत्रं किती दाट हवीत? जागतिक हवामान संघटनेचा सल्ला आहे की शहरी भागात दर १० ते २० चौरस किलोमीटरला एक मापक असावा. बेळगाव महापालिकेची हद्द नव्वद-पंच्याण्णव चौरस किलोमीटर धरली तर पाच ते नऊ यंत्रं पुरतील. खर्चाच्या दृष्टीनं हा मोठा आकडा नाही. एवढी दाटी का लागते, याचं उत्तर मुंबईनं दिलं आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. कुलाब्याच्या आकड्यावरून मुंबईचा अंदाज बांधणारा त्या दिवशी निवांत झोपला असता. वळवाचा एक ढग काही किलोमीटरच रुंद असतो. बेळगावात तो अनगोळवर फुटेल आणि कणबर्गीत धूळ उडत असेल.

मग रडार का नाही पुरत? गोव्याच्या किनाऱ्यावर हवामान खात्याचं डॉपलर रडार आहे आणि त्याच्या पल्ल्यात बेळगाव येतं. पण रडारचा किरण जवळजवळ सरळ जातो, पृथ्वी त्याच्याखाली वाकत जाते, आणि आपल्या बाबतीत वाटेत सह्याद्री उभा आहे. त्यावरून पाहायचं तर किरण उचलावा लागतो. घाटमाथ्यावरचा पावसाळी पाऊस बहुतेक वेळा बुटक्या ढगांतून पडतो. त्याचा निम्मा खेळ या उचललेल्या किरणाखालीच होतो. रडार ढग कुठे चालला ते छान दाखवतं, पण जमिनीवर नेमकं किती पडलं हे सांगायला जमिनीवरचं भांडंच लागतं.

हे भांडंही डोळे झाकून विश्वास ठेवण्यासारखं नाही. आतली रचना मोठी गमतीची आहे. नरसाळ्याखाली दोन कप्प्यांची छोटी पात्री असते, जत्रेतल्या सी-सॉसारखी मध्यावर डोलणारी. एक कप्पा ठरावीक पाण्यानं भरला की तो कलंडतो, दुसरा वर येतो, आणि प्रत्येक कलंडण्याला एक विद्युत-ठोका मोजला जातो. एका ठोक्याचं माप साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर. आता तासाला १०० मिलिमीटरच्या वेगानं पाऊस कोसळतोय आणि ठोका ०.२ मिलिमीटरचा आहे असं धरा. पात्री दर सात सेकंदांना कलंडते. कलंडायला लागणाऱ्या क्षणभरात जे पाणी पडतं, त्यातलं काही भरलेल्या कप्प्यातच जातं आणि मोजणीतून निसटतं. म्हणजे पाऊस जितका भीषण, तितकं यंत्र कमी सांगतं. ही चूक आधी ठाऊक असली तर गणितानं भरून काढता येते. वाऱ्याची चूक मात्र इतकी सहज नाही भरून निघत. छपरावर बसवलेल्या मापकावरून वारा थेंब उडवून नेतो, आणि आंब्याच्या झाडाजवळच्या मापकाला झाडाच्या आडोशानं पाऊस कमी लागतो. सर्वांत वाईट म्हणजे पाला, कोळ्याचं जाळं किंवा पक्ष्याची विष्ठा यांनी बुजलेलं नरसाळं. धो-धो पावसात ते शून्य दाखवतं. बंद पडलेलं यंत्र निदान गप्प बसतं. बुजलेलं यंत्र खोटं बोलतं, आणि नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर ते खोटं हिरव्या रंगात दिसतं.

पाऊस कळला तरी पूर कळला असं होत नाही. मृगाच्या पहिल्या सरी कोरडी जमीन पिऊन टाकते. पुनर्वसूच्या तरण्या पावसापर्यंत शहापूरच्या शिवारातली काळी माती तुडुंब झालेली असते. मग तेवढाच पाऊस सगळा नाल्यात उतरतो. शिवाय नाला ज्या नदीला मिळतो ती फुगलेली असली तर त्याचं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढतं. त्यामुळे पर्जन्यमापकाच्या जोडीला नाल्यातच पातळी मोजणारं यंत्र हवं. पुलाखाली लटकवलेला रडार सेन्सर खाली लहरी सोडतो आणि त्या परत यायला लागणाऱ्या वेळेवरून पाण्याची उंची काढतो. बेंगळुरूत मोठ्या नाल्यांवर पातळी मोजणारे सेन्सर बसवून ते पावसाच्या यंत्रांशी आणि पुराच्या गणिती प्रारूपाशी जोडले आहेत. बेळगावात ते बसवताना एक स्थानिक अडचण येणार, ती म्हणजे जलपर्णी. सेन्सरला खाली पाण्याऐवजी जलपर्णीचा गालिचा दिसला तर पातळी फुटाफुटानं चुकेल. गाळ साचला की पातळी आणि प्रवाह यांचं नातंही बिघडतं. म्हणून नाला साफ करणं हे मोजमापाचंही काम आहे.

आकडा किती लवकर बोलावा, याचं एक चांगलं उत्तर अमेरिकेत १९७० च्या दशकात निघालं. तिथल्या हवामान सेवेनं कॅलिफोर्नियात विकसित केलेल्या पद्धतीत यंत्र ठरलेल्या वेळेची वाट पाहत नाही. पात्री कलंडली की लगेच रेडिओनं संदेश जातो. पाऊस नसेल तर यंत्र क्वचितच बोलतं, पाऊस वाढला की आपोआप भराभर बोलतं. कोलोरॅडोत ३१ जुलै १९७६ च्या रात्री बिग थॉम्पसन नदीच्या दरीत चार तासांत सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस झाला आणि १४० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर डेन्व्हर-बोल्डर भागात या पद्धतीची यंत्रं दरीच्या वरच्या अंगाला बसली. आपल्याकडे पंधरा मिनिटांची ठरलेली फेरी तशीच ठेवून, जोराच्या पावसात मध्येच बोलायची मुभा यंत्राला देता येईल. जांबोटी-कणकुंबीसारख्या भागात वीज गेली की मोबाइलची रेंजही जाते, तिथे उपग्रहामार्फत संदेश हा खरा पर्याय. जुलैत सूर्यच दिसत नाही, तेव्हा बॅटरी मोठी हवी, हेही आलंच.

नाल्याच्या पुराला तासभराची सूचना मिळाली तरी खूप. मोठ्या नद्यांचं तसं नाही. आंबोलीचा पाऊस हिरण्यकेशीनं संकेश्वरला येतो, काळम्मावाडीचा दूधगंगेनं सदलग्याला, कोयनेचा कृष्णेनं कल्लोळ-येडूरला. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी निपाणीजवळ यमगर्णीला पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं, तेव्हाचा पाऊस मुख्यतः सह्याद्रीत पडलेला होता. अथणीच्या कृष्णाकाठाला तर ऊन असतानाही पूर येतो. इथे नवं यंत्र बसवण्यापेक्षा कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग आणि वरच्या धरणांची पातळी दोन्ही राज्यांच्या पडद्यांवर एकाच वेळी दिसणं जास्त मोलाचं. आणि इशाऱ्याचा संदेश कन्नड व मराठी दोन्हींत जावा. पाणी उंबऱ्याला लागलं असताना भाषेचा वाद घालायला कुणाला वेळ नसतो.

राहिला देखभालीचा प्रश्न, ज्यावर अशी जाळी खरी मरतात. निविदेत यंत्राची किंमत असते, वर्षातून चारदा नरसाळं पुसणाऱ्या माणसाचा पगार नसतो. तपासणी सोपी आहे. मोजून घेतलेलं पाणी नरसाळ्यातून सावकाश सोडायचं आणि ठोके अपेक्षेइतके येतात का ते मोजायचं. त्याच दिवशी पुलाच्या खांबावर फुटाच्या खुणा रंगवून घ्याव्यात, म्हणजे सेन्सर काही बोलला तरी कुणीही मोबाइलवर फोटो काढून ताडून पाहू शकेल. राकसकोपची पातळी फुटांत वाचायची सवय बेळगावकरांना आहेच. ही फेरी रोहिणी लागायच्या आत, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकलेली बरी, कारण त्यानंतर वळीव कुणाची वाट पाहत नाही.