पोटगी मिळते, वाटा मिळत नाही

अंबाजोगाईला आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. नवरा जिल्हा परिषदेचा मास्तर, आता रिटायर. लग्नाला एकतीस वर्षं झाली त्या साली त्या घर सोडून भावाच्या वाड्यातल्या एका खोलीत आल्या. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या तळाशी एक झेरॉक्स आहे. नवऱ्याच्या सेवापुस्तकातलं कुटुंबाच्या तपशिलाचं पान. पहिल्याच ओळीत त्यांचं नाव, पुढच्या रकान्यात ‘पत्नी’. शाई उडायला लागली तसं त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं. संमतीने घटस्फोट घेऊन टाकू, असा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा त्यांचं एकच उत्तर: “नांदायचं नाही मला. पण ह्या कागदावरचं नाव बी काढू देणार नाही.”

शेजारीपाजारी याला हट्ट म्हणतात. मला तो हिशोब वाटतो, आणि हिशोब बरोबर आहे. कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे पेन्शनर वारल्यावर घरच्यांना मिळणारी पेन्शन, विधवेला मिळतं, घटस्फोटितेला मिळत नाही. घटस्फोटाच्या कागदावर सही झाली की एकतीस वर्षांच्या संसारातून उरलेली म्हातारपणची सोय संपली. हे असं कसं झालं याचा माग काढायचा तर बरंच मागे जावं लागतं.

उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याने राज्याची हद्द ओलांडली की जवळच बसवकल्याण लागतं. कल्याणीच्या चालुक्यांची ही राजधानी. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने इथेच याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, आणि पुढची आठ-नऊशे वर्षं देशातल्या बहुतेक हिंदू घरांच्या वाटण्या तिच्या आधाराने झाल्या. त्यातली एक गोष्ट आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. बाप आणि मुलं वाटणीला बसली, तर बायकोलाही मुलाएवढा हिस्सा काढायचा. मात्र तिला स्वतःहून वाटणी मागता येत नाही. म्हणजे पुरुषांनी घर वेगळं केलं तर तिला वाटा, आणि तिचाच संसार मोडला तर काही नाही. संस्काराने लागलेलं लग्न मोडतं हेच मुळात मान्य नव्हतं, त्यामुळे मोडल्यावर काय, हा प्रश्नच कुणी विचारला नाही. तिचं म्हणून हक्काचं होतं ते स्त्रीधन.

लग्नं मोडत मात्र होती. कितीतरी जातींत काडीमोड होता, फारकत होती, त्यानंतर पाट म्हणजे दुसरं लग्नही लागे. पंच बसत, पण बोलणं व्हायचं ते दागिन्यांचं आणि लग्नाच्या खर्चाचं. जमिनीचा विषय तिथे निघत नसे. जमीन घराण्याची, आणि घराणं नवऱ्याचं.

मुंबई प्रांतात १९४६ मध्ये हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला बंदी आली, १९४७ मध्ये घटस्फोटाचा कायदा झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. नगरच्या बाईपर्यंत पोचलेल्या या कायद्यांचा हात शेजारच्या बीडपर्यंत येत नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. त्याच सुमारास बाबासाहेब आंबेडकर एकीकडे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं करत होते आणि दिल्लीत हिंदू कोड बिलासाठी झगडत होते. ते बिल अडलं, १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, आणि बिलाचे तुकडे होऊन १९५५ आणि १९५६ मध्ये वेगवेगळे कायदे आले. मराठवाड्यातल्या हिंदू बाईसाठी घटस्फोटाचा दरवाजा खऱ्या अर्थाने उघडला तो १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. संमतीने घटस्फोट तर त्यात १९७६ ला आला.

आता या कायद्यात मालमत्तेबद्दल काय आहे ते पाहा. कलम २५ प्रमाणे कायमची पोटगी मिळते, आणि गरज पडली तर तिचा बोजा नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर चढवता येतो. कलम २७ मध्ये लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंचा निकाल लागतो. भांडीकुंडी, कपाट, दिवाण. तीस वर्षांत दोघांनी मिळून उभं केलेलं घर, काढलेली विहीर, घेतलेला प्लॉट यांच्या वाटणीचं कलम त्यात नाही. ज्याच्या नावावर, त्याचं. गोव्यात पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेमुळे नवरा-बायकोची मालमत्ता, वेगळा करार केला नसेल तर, दोघांची सामाईक धरली जाते आणि लग्न मोडल्यावर निम्मी होते. आपल्याकडे तसं कधीच झालं नाही.

पोटगी या शब्दातच सगळं आलं. पोटापुरतं. आणि तेही किती? फौजदारी कायद्याने मिळणाऱ्या पोटगीवर १९५५ पासून महिना पाचशे रुपयांची मर्यादा होती. १९७३ मध्ये नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली, कलम १२५ आलं, आकडा तोच राहिला. केंद्राने ही मर्यादा काढून टाकली २००१ मध्ये. शेहेचाळीस वर्षांत ज्वारीचा भाव कुठून कुठे गेला हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न आणखी वेगळ्या रूपात दिसतो. ऊसतोडीच्या हिशोबात ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाची उचल कोयत्यावर मिळते, पैसे नवरा घेतो, आणि दोघं मिळून ती फेडतात. पहाटे फडात नवरा तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, मग कोपीवर येऊन भाकरी थापते. वीस-पंचवीस हंगाम असे काढलेल्या बाईची स्वतंत्र मजुरी कुठल्याच वहीत लिहिलेली नसते. नवऱ्याने टाकलं तर कोर्टात ती काय दाखवणार? त्या उचलीतून गावाकडे बांधलेल्या दोन खोल्या ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीत त्याच्या नावावर असतात. राबताना एक कोयता, नोंद होताना एकट्याचं नाव.

जमिनीचंही तेच. आमच्याकडे जुनी नोंद शोधायला १९५४-५५ च्या खासरा पाहणीपत्रकापर्यंत जातात. मी पाहिलेल्या पानांवर बाईचं नाव आलंच तर बहुधा ती विधवा होती. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला महिलांचं अधिवेशन भरवलं, आणि पुढे लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा असं आवाहन केलं. १९९२ मध्ये सरकारनेही त्याच नावाने योजना आणली: नवऱ्याने अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागेल. चांगली गोष्ट होती. पण अर्ज नवऱ्याने करायचा. घरात वाद पेटल्यावर असा अर्ज कोण करतो? तेव्हा रात्रीतून भावाच्या किंवा मुलाच्या नावाने बक्षीसपत्र होतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याने राहत्या घरातून तिला हाकलता येत नाही, हे मोठं संरक्षण आलं. तरी ते छप्पर आहे, मालकी नाही.

मुस्लिम घरांत वाट वेगळी. तिथे लग्न पहिल्यापासून करार, मेहेर बायकोचा हक्क. पण नवऱ्याने ‘तलाक दिलाय’ असं कोर्टात नुसतं लिहून दिलं की पोटगी थांबायची. इथे औरंगाबाद खंडपीठाचा मोठा वाटा आहे. हे खंडपीठ १९८१ ला सुरू झालं, त्याआधी मराठवाड्याला मुंबईच गाठावी लागे. २००२ च्या मे महिन्यात या खंडपीठात पूर्णपीठाने निकाल दिला की तलाक झाला असं म्हणून चालणार नाही. तलाकचं कारण, समेटाचा प्रयत्न, सगळं सिद्ध करावं लागेल. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिशेचा निकाल दिला.

आणि पेन्शन. शेतीच्या मुलखात पेन्शन आली ती मास्तर, तलाठी, पोलीस, एस.टी.चा कंडक्टर अशा नोकऱ्यांबरोबर, आणि घरात तीच एक खात्रीची मिळकत ठरली. १८७१ च्या पेन्शन कायद्याने ती सावकाराच्या जप्तीपासून वाचवली. सावकारासाठी घातलेलं हे कुंपण पुढे कितीतरी नवऱ्यांनी बायकोच्या पोटगीसमोर उभं केलं. २०१९ च्या सुमारास नागपूर खंडपीठाने साफ सांगितलं की बायको म्हणजे धनको नव्हे, पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती आणता येते. मावशींच्या वकिलांनी हाच आधार घेतला आणि त्यांची थकलेली पोटगी सुरू झाली.

पण पोटगीसाठी जप्ती वेगळी आणि पेन्शनमधला वाटा वेगळा. १९८२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकरा या पेन्शनरच्या खटल्यात पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असं म्हटलं. १७ डिसेंबरला पेन्शनर मंडळी अजून तो दिवस पाळतात. मला इथेच थांबावंसं वाटतं. पेन्शन ही तीस वर्षांच्या कामाची मागून मिळणारी मजुरी असेल, तर त्या तीस वर्षांत पहाटे डबा कुणी केला, बदलीच्या प्रत्येक गावी चूल कुणी मांडली, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं कुणी काढलं? त्या मजुरीत तिचे हात नाहीत का? जर्मनीने १९७७ पासून संसाराच्या काळात दोघांनी कमावलेले पेन्शनचे हक्क घटस्फोटावेळी वाटायला सुरुवात केली, इंग्लंडने २००० पासून पेन्शन विभागून देण्याची सोय केली. आपल्या नियमांत तशी तरतूदच नाही.

उलट कुटुंब निवृत्तिवेतनाचे नियम बघा. नोकरदाराला ते मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही, कारण ती त्याची मिळकतच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवलं. महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतही हक्क विधवेचा. पहिली बायको हयात असताना दुसरी केली, तर त्या बेकायदा लग्नातल्या दुसरीला हा हक्क नाही, असं २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितलं. म्हणजे वेगळी राहणारी, टाकलेली, पण कागदावर बायको असलेली बाई सुरक्षित. कायदेशीर सुटका मागणारी मात्र रिकाम्या हाताने जाते, आणि नवरा वारला की तिची दरमहाची पोटगीही बहुधा थांबते. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्या बहुतेकांना ही जुनी पेन्शन नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत रक्कम खात्यात साठते, निवृत्तीला साठ टक्क्यांपर्यंत एकदम हातात येते. ती कुठे गेली हे बायकोला कळेपर्यंत प्लॉटची रजिस्ट्री होऊन गेलेली असते.

एकदा बदल अगदी दारात आला होता. विवाह कायद्यांच्या दुरुस्तीचं विधेयक २०१० मध्ये मांडलं गेलं. कायमचा तुटलेला संसार हे घटस्फोटाचं कारण आणि त्यासोबत बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूर केलं. लोकसभेत ते पडून राहिलं आणि २०१४ मध्ये बारगळलं. त्यानंतर जे हाती आलं ते न्यायालयांकडून. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं बंधन घातलं. आता निदान लपवलेला पैसा विचारता येतो.

म्हणून लातूर-परभणीकडचे जाणते वकील संमतीच्या अर्जात सगळं आधी लिहून घ्यायला सांगतात: घराची खोली तिच्या नावावर, ग्रॅच्युइटीतून किती, भविष्य निर्वाह निधीतून किती, आणि हे सगळं निवृत्तीच्या आधी. मावशींना हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला पेन्शनरांची रांग लागते. त्या दिवसांत मावशी भाच्याला एकदा तरी तिकडे पाठवतात, मास्तर रांगेत दिसले का, एवढंच बघून यायला.